उधन्याला थांबलेला माग

भाऊबीजेला भावानं बहिणीच्या दारी यावं अशी आमच्या खानदेशातली रीत. यंदा मी ती मोडली आणि ओवाळणीचं ताट पिशवीत घालून स्वतःच भावाच्या दारी गेले. शेजारीपाजारी सांगितलं की सहज जातेय, सुट्टी आहे. खरं कारण वेगळं होतं. मला मायनं पाठवलं होतं, भास्करला परत आणायला.

भास्कर माझा धाकटा भाऊ. सुरतेच्या अलीकडं उधन्याला एका शेडमध्ये तो यंत्रमाग चालवतो. दसरा होऊन चार दिवस झाले नव्हते तोच त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मागाच्या दातेरी चाकांत सापडली, अंगठ्याजवळचं आणि मधलं. दोन्ही अर्ध्यावरून गेली. बातमी आली तेव्हा माय रडली नाही. म्हणाली, "दोन बोटं गेली ती गेली. बाकीचा माणूस मला इथं आणून दे."

मी अमळनेरला मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवते. तरफ, कप्पी, पाचर, मळसूत्र यांची चित्रं फळ्यावर काढून काढून माझा खडूचा हात बसलाय, पण कापड विणणारा माग मी जन्मात जवळून पाहिलेला नव्हता. तोंडाची मी फटकळ आहे हेही आधीच सांगते, म्हणजे पुढं कुणाला नवल वाटायला नको.

ताप्ती लाइनीनं

अमळनेरहून सुरतेकडं जाणारी गाडी निवांत स्वभावाची आहे. नंदुरबारला इंजीन पाणी प्यायला थांबलं, तेव्हा मी तांब्या घेऊन उतरले आणि नळ सोडून इंजिनाकडंच गेले. चाकांना जोडणारा तो लांब लोखंडी दांडा मला नीट बघायचा होता. आत वाफेनं दट्ट्या नुसता मागंपुढं सरकतो, त्याला गोल फिरणं ठाऊकच नाही. दांड्याचं एक टोक त्याच्याशी बांधलेलं, दुसरं चाकाच्या मध्याला नाही, तर मध्यापासून जरा बाजूला. म्हणून मागंपुढं होणाऱ्या लोखंडातून गोल फिरणारं चाक निघतं. मुलींना हे मी हातवारे करून शिकवते आणि त्या तोंडावर पदर घेऊन हसतात. इथं ते माझ्यापुढं उभं होतं, तेलानं चकचकीत.

बघता बघता शिट्टी झाली. डबा लांब राहिला होता. मी रिकामा तांब्या घेऊन पळाले आणि गार्डानं हाताला धरून मला त्याच्याच डब्यात ओढून घेतलं. "बाई, इंजीन बघायचं वय आहे का तुमचं?" तो म्हणाला. मी म्हटलं, "वय नाही, पण धंदा आहे." पुढच्या स्टेशनापर्यंत मी त्याच्याच पेटीवर बसून गेले.

नवापूर गेलं, व्यारा गेलं, बार्डोली मागं पडली. सागाचं रान संपून उसाचे मळे लागले. चलथाणजवळ साखर कारखान्याचा गोडसर, जरा आंबूस वास डब्यात शिरला. बोलणं केव्हा गुजराती झालं ते कळलं नाही. शेजारची बाई मला "बेन" म्हणू लागली आणि तिनं हातावर मठिया, म्हणजे त्यांच्या दिवाळीचे तळलेले पापड, ठेवले. मुठीत धरले तरी मोडतील इतके पातळ, आणि तिखटात साखर. आमच्याकडं तिखट ते तिखट आणि गोड ते गोड.

उधन्याला भास्कर आला नव्हता, त्याची बायको सुमन आली होती. वाकून नमस्कार करताना ती हळूच म्हणाली, "आक्का, हाताकडं एकदम बघू नका. ते लपवतात."

भाऊबीज

त्यांची खोली शेडच्या मागच्याच ओळीत, शेठनं कामगारांना दिलेली. दिवाळीत सगळे माग बंद असतात ते थेट लाभपाचमीपर्यंत, म्हणजे भाऊबीजेनंतरच्या पंचमीपर्यंत, त्यामुळं गल्ली शांत होती. तरी लोक एकमेकांशी ओरडूनच बोलत होते. सुमननं सांगितलं, मागांच्या खडखडाटात वर्षभर ओरडायची सवय, ती चार दिवसांत कशी जाणार. दोन दारांपलीकडं कुणीतरी बायकोकडं मीठ मागितलं ते मला आमच्या चुलीपाशी ऐकू आलं.

गल्लीत खानदेशीच जास्त. आमचं बोलणं सगळं अहिराणीत झालं. वाचणाऱ्यांची अडचण नको म्हणून मी ते बहुतेक साध्या मराठीत लिहितेय.

भास्कर पाटावर बसला तो उजवा हात पाठीमागं ठेवून. मी ताट खाली ठेवलं. म्हटलं, "दोन्ही हात मांडीवर ठेव. मी अर्ध्या भावाला ओवाळायला आलेले नाही." त्यानं ठेवला. बोटांवर धुतलेल्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली होती. ओवाळता ओवाळता मी रडले. त्याला लहानपणी पाटीवर 'ग' गिरवायला मीच शिकवलं होतं, त्याच बोटांना धरून.

जेवण झाल्यावर मी मायचा निरोप सांगितला. तो म्हणाला, "पाचमपर्यंत थांब."

कारण असं निघालं. इथल्या मागवाल्यांत एक समजूत आहे. ज्या मागानं माणसाचं रक्त घेतलं, तो माग त्याच माणसानं पुन्हा सुरू करून द्यायचा. तोपर्यंत दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. लावला तर माग त्याच्याकडंही मागतो. म्हणून भास्करचा माग त्या दिवसापासून थांबलेला होता. लाभपाचमीला मुहूर्तावर सगळे माग सुरू होणार. शेठनं बजावलं होतं, त्या दिवशी भास्करनं माग धरला आणि संध्याकाळपर्यंत चालवला तर जागा त्याची. नाहीतर शेठ परगावचा माणूस आणणार, ज्याला असल्या गोष्टी ठाऊकच नसतील, आणि खोलीही त्यालाच मिळणार.

"मागाचा म्हसोबा केलात होय रे?" मी म्हणाले. "रक्त मागायला?"

"आक्का, त्यानी मन्हा हात वढी लिधा," भास्कर म्हणाला. त्यानं माझा हात ओढून घेतला. "मी दिला नव्हता. चाकाला भूक लागली होती. तू तिथं नव्हतीस."

नुसती भीती असती तर मी त्याला दुसऱ्याच दिवशी गाडीत घातलं असतं. पण घोर दुसराही होता. माग चालू असताना ताण्याचा, म्हणजे उभा, धागा सारखा तुटतो. माग थांबवून त्याची गाठ मारावी लागते, आणि ती गाठ अंगठा आणि ही दोन बोटं मिळून मारतात. चांगला कामगार ती डोळ्याचं पातं लवायच्या आत मारतो. संध्याकाळी मी पाहिलं, खाटेच्या पायाला सूत बांधून भास्कर अंगठा आणि करंगळीशेजारच्या बोटानं गाठी घालत होता. दहा घातल्या तर नऊ सुटत होत्या. मी बघतेय हे कळल्यावर त्यानं सूत पायानं खाटेखाली सारलं.

मला राग आला. कुणाचा ते नेमकं सांगता येणार नाही.

शेडमध्ये

दुसऱ्या दिवशी मी शेठकडं गेले. गुजराती नवं वर्ष नुकतंच लागलं होतं, दारात रांगोळी, आत मिठाईची तबकं. माणूस वाईट नव्हता. "साल मुबारक, बेन," म्हणून त्यानं बसवलं आणि डाळ-भात खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. डाळ गोड होती, ती मी निमूट खाल्ली. माग बघायची परवानगी मागितली तर तो म्हणाला, "जोवामां शुं छे? पण मोटर चालू नहीं करवानी, मुहूर्त बाकी छे." बघायला हरकत नव्हती, फक्त मोटर लावायची नव्हती.

किल्ली हिलालदादांकडं होती. ते शेडचे मुकादम, आमच्याच शिरपूरकडचे, कानांनी जवळजवळ बहिरे. मी माग हातानं फिरवून बघणार म्हटल्यावर ते दारातच आडवे झाले. मुहूर्ताआधी माग फिरला तर वर्ष वाया. आमची बाचाबाची झाली आणि मी काही कमी बोलले नाही. शेवटी त्यांनीच तोड काढली. धोटा काढून ठेवायचा. धोटा हा टोकदार लाकडी तुकडा, त्याच्या पोटात आडव्या धाग्याची कांडी असते, तो ताण्यातून इकडून तिकडं धावतो. तोच नसेल तर विणणं नाही, आणि विणणं नाही तर मुहूर्त मोडत नाही. मला हे पटलं नाही, पण मी मान डोलावली.

शेडमध्ये माग ओळीनं उभे होते, प्रत्येकाच्या अंगावर दसऱ्याची सुकलेली झेंडूची माळ. जमिनीवर कापसाचा भुगा. भास्कर दाराशीच थांबला. मी त्याच्या मागाचं हातचाक धरून हळूहळू फिरवू लागले, आणि मला नंदुरबारचं इंजीन उलटं होऊन समोर आलेलं दिसलं. इंजिनात मागंपुढं जाणारा दट्ट्या चाक फिरवतो. इथं फिरणारा दांडा फणीला मागंपुढं हलवत होता. ती फणी पुढं येऊन नव्या धाग्याला कापडाशी दाबून बसवते. खाली दुसरा दांडा, त्यावर लंबगोल चकत्या. चकतीचा फुगीर भाग आला की ताण्याचे अर्धे धागे वर उचलले जातात, पुढच्या फेऱ्याला उरलेले अर्धे. दोन्ही दांड्यांना जोडणारी दोन दातेरी चाकं बाजूला होती, एक लहान, एक त्याच्या दुप्पट. लहान दोनदा फिरतं तेव्हा मोठं एकदा.

"भास्कर, इकडं ये," मी म्हणाले. "हात लावू नको. नुसतं बघ."

तो आला. मी त्याला शाळेत मुलींना सांगते तेच सांगितलं. नुसते लोखंडाचे तुकडे म्हणजे यंत्र नाही. प्रत्येक तुकडा दुसऱ्याशी असा बांधलेला असतो की त्याला एकाच वाटेनं हलता येतं, दुसरी वाटच नसते, तेव्हा त्याचं यंत्र होतं. फणीला वाटलं म्हणून ती वर जाणार नाही. चाकाला वाटलं म्हणून ते एक दातही जास्त फिरणार नाही. त्याला काही वाटतच नाही.

मग मी माळेतून गळून पडलेलं एक सुकलं फूल उचललं. जिथं दोन्ही चाकांचे दाते एकमेकांत शिरतात, त्या बाजूला ते ठेवलं आणि हातचाक फिरवलं. फुलाचा चुरा झाला. दुसरं फूल पलीकडच्या बाजूला ठेवलं, जिथं दाते सुटतात. चाकानं ते बाहेर लोटून दिलं. चाक तेच, फिरणं तेच. भूक असती तर त्यानं दोन्ही फुलं खाल्ली असती.

भास्करनं वाकून ते फूल उचललं. "म्हणजे त्यानं ओढला नाही," तो म्हणाला.

"नाही."

"मग मीच दिला."

त्याची भीती काढायला मी गेले होते. ती निघाली, पण तिच्या जागी जे आलं ते भीतीहून जड होतं. इतके दिवस त्याच्याजवळ दोष द्यायला एक माग तरी होता.

"कशासाठी घातलास हात?" मी विचारलं. हे आम्ही कुणीच त्याला विचारलं नव्हतं.

त्यानं सांगितलं, त्या दिवशी माळेतलं फूल चाकाजवळ पडलं होतं. पूजेचं फूल चिरडलं जाऊ नये म्हणून तो ते उचलायला गेला.

"पण इतक्या जवळ हात जातोच कसा? यावर झाकण नसतं?"

झाकण होतं. भिंतीला टेकून ठेवलेलं, ओतीव लोखंडाचं. दसऱ्याला सगळे कामगार ती झाकणं काढतात, कारण कुंकू यंत्राला लावायचं असतं. हिलालदादांनी मला समजावलं, "टिळा कपाळले लावतस बाई, टोपीले नही." मग चाकाच्या दांड्याला लाल नाडा बांधायचा, माळ घालायची. ती हातानं तोडायची नाही. आपोआप गळाली की निर्माल्य तापीत सोडायचं, आणि मग झाकण बसवायचं. तोवर माग उघड्या चाकांनी चालतो. मी ओळीकडं पाहिलं. एकाही मागाच्या चाकांवर झाकण नव्हतं.

आता खरं तर मी ओरडायला हवं होतं. ओरडले नाही. दुसऱ्याच्या हाताला इजा व्हावी म्हणून हे कुणी केलं नव्हतं, श्रद्धेनं केलं होतं, आणि म्हणूनच ते मला फार भयंकर वाटलं. मी दादांच्या कानाशी तोंड नेऊन एवढंच म्हटलं, "दादा, डोकं राहिलं तर टोपी. या पोराकडं बघा आणि सांगा, देव काय म्हणेल."

दादांनी शेडला कुलूप लावलं.

मधला दिवस

पाचमीच्या आदल्या दिवशी मी भास्करला म्हटलं, आता माग कुणीही चालवू शकतो हे तुला कळलं. मग कशाला राहायचं? चल घरी. शेतात काम आहे, माय आहे. तो म्हणाला, "आक्का, मला कळलं. बाकीच्यांना कुठं कळलंय? मी सुरू केल्याशिवाय आपला कुणी धरणार नाही. शेठ परक्याला आणील, आणि त्याला कुणी सांगणार नाही हात कुठं घालू नये ते."

मी पुष्कळ वाद घातला. मला तो घरी हवा होता, हे मी लपवत नाही. संध्याकाळी सुमननं कळण्याच्या भाकरी थापल्या, मी अमळनेरहून नेलेल्या ज्वारी-उडदाच्या पिठाच्या. जेवून उठल्यावर तो पुन्हा सूत घेऊन बसला, या वेळी माझ्यासमोर. सुमन एक टोक धरून बसली. गाठी सुटत होत्या. कधी एखादी राहत होती.

लाभपाचम

सकाळी शेडच्या दाराला आंब्याचं तोरण होतं. शेठनं नारळ फोडला, सगळ्यांना पेढे दिले. भास्करच्या मागाजवळ गेले तर लाल नाडा सोडलेला होता, माळ काढून एका स्वच्छ फडक्यात बांधून ठेवलेली होती, आणि चाकांवर झाकण होतं. झाकणावर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला होता. हिलालदादा दुसरीकडंच बघत उभे होते. ओळीतल्या सगळ्यांनी झाकणं बसवली असं मात्र नाही. काहींनी बसवली, काहींनी माझ्याकडं रागानं पाहिलं.

मोटरी सुरू झाल्या. त्या आवाजाचं वर्णन करायचा मी प्रयत्न करत नाही. छातीत बसतो तो. भास्करनं डाव्या हातानं दांडी ओढली आणि माग चालू झाला. धोटा दिसेनासा झाला, फणी ठोकू लागली, कापड इंचाइंचानं खाली उतरू लागलं. शेजारची माणसं आपापलं काम करत होती, पण लक्ष सगळ्यांचं इकडं. सुमन दाराशी उभी होती, पदराचं टोक दातांत धरून.

आणि धागा तुटला. तुटणारच होता. भास्करनं माग थांबवला, वाकला, तुटलेली दोन टोकं शोधली. तेव्हा एक गोष्ट झाली जी मला आधी कळलीच नाही. आजूबाजूचे चार-पाच जण, ज्यांतला कुणीही हात पुढं करून ती गाठ सहज मारू शकला असता, सगळे एकेक करून वळले आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. मला संताप आला. माणसं की दगड, असं वाटलं. मग हिलालदादाही वळले, आणि त्यांनी मला खांद्याला धरून हलकेच वळवलं. तेव्हा कळलं. त्याची धडपड कुणी बघू नये म्हणून ते वळले होते.

मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. भिंतीवर चुन्याचे पोपडे होते. मागाच्या आत इतक्या गती आहेत, फिरण्याची, उचलण्याची, फेकण्याची, दाबण्याची, प्रत्येकीला तिचा तुकडा आहे. तुटलेलं जोडायला त्यात एकही तुकडा नाही. ते माणसाच्या बोटांवर सोडलेलं आहे. मी मनात देवाचं नाव घेत होते, आणि मी देवाचं नाव घेणारी बाई नाही.

किती वेळ गेला ठाऊक नाही. माझ्या पाठीमागं तो माग पुन्हा चालू झाला.

मी वळले. भास्करचा चेहरा घामानं भिजला होता, ओठाला सुताचं टोक चिकटलं होतं. दात लावून गाठ मारली होती त्यानं. त्यानं माझ्याकडं बघून ओठ हलवले. त्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत, पण इथली माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात, आणि मलाही ओळखता आलं. "मायले सांग, मी येत नही."

संध्याकाळपर्यंत धागा कितीतरी वेळा तुटला. माग संध्याकाळपर्यंत चालला. शेठ येऊन बघून गेला, आणि जाताना त्यानं मान डोलावली. जागा भास्करची राहिली.

परत

दुसऱ्या दिवशीची गाडी पकडून मी एकटी परत आले. सुमननं वाटेसाठी दशम्या दिल्या होत्या, त्या मी नंदुरबारपर्यंत उघडल्याही नाहीत.

माय अंगणात बसली होती. माझ्या मागं कुणी नाही हे तिनं पाहिलं आणि सुपातली ज्वारी पाखडत राहिली. मी तिला सगळं सांगितलं, चाकांचं, झाकणाचं, पाठ फिरवून उभ्या राहिलेल्या माणसांचं, दातांनी मारलेल्या गाठीचं. त्याला न आणता आल्याबद्दल ती काय बोलेल याची मी वाट बघत होते. 

मग तिनं विचारलं, "जेवतो कोणत्या हातानं?"

"उजव्याच," मी म्हणाले. "भाकरी सुमन मोडून देते. घास उजव्याच हातानं घेतो."

मायनं सूप खाली ठेवलं, पदरानं डोळे पुसले. "मग राहू दे त्याला तिथं," ती म्हणाली.